कुत्रा आमचा, फरशी तिची

आमच्या कुत्र्याला खाज सुटली त्या उन्हाळ्यात मी समोरच्या बाईवर जळत होते. दोन्ही साधारण एकाच आठवड्यात सुरू झालं, आणि म्हणून मी एकाचा दोष दुसरीच्या माथी मारला.

कुत्रा मी मागितला नव्हता. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. सकाळच्या गाडीने जातो, अंधार पडता पडता सोलापुरात परत. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याच्या डब्याच्या पिशवीतून डब्याऐवजी एक तांबूस पिल्लू निघालं. डबा त्याने काखेत धरला होता.

"प्लॅटफॉर्मवर एकटंच होतं की," तो म्हणाला.

"सांभाळणार कोण?"

"मी."

सांभाळणारा माणूस दिवसाचे बारा तास घरात नसतो, हे त्या पिल्लाच्या माझ्याआधी लक्षात आलं. आठवड्याभरात ते माझ्या पायांशी झोपायला लागलं. मी लाड केले नाहीत. दोन वेळा भाकरी-दूध, दर रविवारी आंघोळ, आणि झोपायला जागा. ही जागा मात्र मी मनापासून केली होती, आणि सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

मी घरी टॉवेल-नॅपकिनचं काम करते. कारखान्यातून लांब ताग्यांचे गठ्ठे येतात. ते मापाने कापायचे, कडा दुमडून शिलाई मारायची, डझनाच्या घड्या घालून परत द्यायचे. कापताना कडेच्या पट्ट्या उरतात. त्या मऊ असतात, गुबगुबीत असतात, फेकवत नाहीत. त्या चिंध्यांचा मी मशीनखाली एक ढीग केला आणि कुत्र्याला सांगितलं, ही तुझी गादी. दर दोन-चार दिवसांनी वरून नव्या चिंध्यांचा थर पडायचा. जुना काढायची गरज मला कधी वाटली नाही. वरचं नवीन, स्वच्छ, कोरं. गादी फुगत गेली. घरी कुणी आलं की मी ती दाखवायचे. सोलापुरात असा पलंग दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला नाही, असं म्हणायचे.

समोर, गल्लीच्या पलीकडे, अक्का राहते. विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणते. ती घरी विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि ती दाराच्या आत शहाबादी फरशीवर भिंतीला टेकून बसलेली. तिच्याकडे दोन पानांचं दार आहे, आडवं कापलेलं. वरचं पान दिवसभर उघडं, खालचंही बहुतेक वेळा उघडंच. बोटं चालू आणि तोंडही चालू. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात कसली पिशवी होती, सगळं तिला माहीत.

त्या उन्हाळ्यात आमचा कुत्रा दुपारी तिच्याकडे जायला लागला.

पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा वाटलं, उन्हाचा गार जागेला गेला असेल. मग तो रोज जायला लागला. जेवण माझ्याकडे करायचा, तोंड पुसल्यासारखं जिभेने साफ करायचा आणि सरळ समोर. तिकडून हाक यायची, "रा, रा." तेलुगूत ये, ये. मग "कूर्चो." आणि तो बसायचा. मी चार वर्षं त्याला "बस" म्हणत होते आणि तो माझ्याकडे मी हवामान सांगत असल्यासारखा बघायचा. तिच्या एका शब्दावर ढुंगण टेकायचा.

"वैनी, तुमचा कुत्रा लई शहाणा हाय," अक्का पलीकडून म्हणायची. "सांगितलेलं ऐकतो की."

"हो का," मी म्हणायचे आणि मशीनचं पायडल जोरात दाबायचे.

खाज त्याच सुमारास सुरू झाली. आधी कानामागे. मग शेपटीच्या मुळाशी, कंबरेवर, मागच्या मांड्यांवर. बसल्या जागी मान वळवून तो दातांनी कुरतडायचा, मक्याचं कणीस खाताना लावतात तसे बारीक दात लावून. मागचा पाय मशीनच्या लोखंडी स्टँडवर आपटायचा, ठक ठक ठक, आणि माझी शिलाई वाकडी व्हायची. केस गेले. खालची कातडी आधी गुलाबी, मग लाल, मग काळपट झाली.

मी हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घातली. करंजाचं तेल लावलं. हळद लावली, तेव्हा दोन डझन नॅपकिन पिवळे होता होता वाचले. आंघोळ आठवड्याची होती ती दोन दिवसांआड केली, कपड्याच्या साबणाने, कारण तो मळ काढतो हे मला रोज दिसतं. फरशी फिनाईलने पुसली. प्रत्येक उपायानंतर कुत्रा अंग झटकायचा, माझ्याकडे तोंड वाकडं करून बघायचा आणि समोर निघून जायचा. तिथे फरशीवर आडवा व्हायचा आणि झोपायचा. खाजवायचा नाही.

हे मी खिडकीतून बघितलं होतं. एकदा नाही, पाच-सहा दुपारी. माझ्याकडे खाजवतो, तिच्याकडे झोपतो. जळणाऱ्या माणसाला पुरावा दिसत नाही असं नाही. दिसतो, पण तो त्याला उलटा लावतो. मी असं ठरवलं की ही तंबाखूची गुंगी आहे. दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, कुत्र्याला झिंग चढते, म्हणून तिकडे निपचित पडतो. घरी आला की झिंग उतरते आणि मग अंगभर खाज सुटते. मला हे इतकं पटलं की मी ते भाजीवालीला सांगितलं. गाडी थांबवून, गवार निवडता निवडता.

"व्हय का," भाजीवाली म्हणाली. "मग माणसांचं काय हुत आसंल."

"तेच तर."

भाजीवालीची गाडी आमच्याकडून निघाली की चौथ्या मिनिटाला अक्काच्या दारात असते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्याच दिवशी दुपारी अक्का उठून आमच्या दारात आली. काम सोडून उठलेलं मी तिला क्वचितच पाहिलं आहे. बोटांना तंबाखू तसाच होता.

"वैनी, माझ्या तंबाखूनं तुमच्या कुत्र्याला खाज आली म्हणून तुमी बोलला?"

"मी आपलं म्हणाले, असेल कदाचित."

"तीस वर्षं मी विड्या वळते. माझी तीन पोरं ह्या सुपाजवळ रांगली. त्यांनी कवा खाजवलं?"

मी हातातला नॅपकिन उगाच दुमडला.

"कुत्रा तुमचा हाय. तुमी त्याला बांधून ठेवा. मी न्हाई बोलवत." आणि ती गेली. समोर गेल्यावर तिने खालचं पान ओढून घेतलं. वरच्या पानातून तिचं डोकं तेवढं दिसत होतं, खाली घातलेलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मला वाटलं, आता कुत्रा माझा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीप्रमाणे समोर गेला. बंद पानासमोर उभा राहिला. पंजाने एकदा ओरखडलं. आतून हाक आली नाही. उन्हात उभ्या उभ्याच त्याने मान वळवली आणि कंबर कुरतडायला लागला. मी जाऊन त्याला पट्ट्याला धरून आणलं आणि मशीनच्या स्टँडला बांधलं. त्याच्या गादीवर. वर ताज्या चिंध्यांचा थर टाकला.

तीन दिवस तो तिथे बांधलेला होता. तिसऱ्या दिवशी शेपटीच्या मुळाशी रुपयाएवढी जखम झाली आणि तिच्यातून पाणी यायला लागलं. मी टॉवेलची वळकटी शिवून त्याच्या गळ्यात घातली, जाडजूड, म्हणजे मान मागे वळणार नाही. काम चांगलं झालं होतं. पण मान वळेना तेव्हा तो अंग भिंतीला घासायला लागला. आणि एक केलं त्याने, जे मला अजून आठवतं. मी ताट ठेवलं तर तो जेवला नाही. दाराकडे तोंड करून पडून राहिला.

"डॉक्टरकडे ने," नवरा म्हणाला.

"सांभाळणार तुम्ही होता ना?"

"मग सुट्टी टाकतो की."

"राहू द्या. मीच नेते."

रिक्षावाल्याने सीटवर काही अंथरायला सांगितलं, म्हणून मी एक पांढरा टॉवेल बरोबर घेतला. शिलाई चुकलेला होता, पण कोरा. 

डॉक्टर तरुण मुलगी होती. कमी बोलणारी. तिने जखम बघितली, पोट बघितलं, कानात बघितलं. मग एक बारीक दातांची फणी घेतली, घरात उवांसाठी असते तशी, आणि शेपटीच्या वर केसांतून उलटी फिरवली. फणीत काळी बारीक रेव आली. मिरपूड सांडावी तशी.

"माती आहे ती," मी म्हणाले. "परवाच आंघोळ घातलीये तरी."

"तुमचा टॉवेल द्या जरा."

तिने टॉवेलचा कोपरा ओला केला आणि फणी त्यावर झटकली. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. काळे कण ओल्या धाग्यांत बसले आणि प्रत्येकाभोवती एक तांबडा डाग पसरायला लागला. गंजासारखा.

पांढऱ्या मालावरचा डाग मी ओळखते. तेलाचा वेगळा, ग्रीसचा वेगळा, सुई टोचून बोटाचं रक्त पडतं तो वेगळा. हा रक्ताचा होता.

"पिसवांची घाण आहे ही," डॉक्टर म्हणाली. "त्याचंच रक्त पितात, तेच बाहेर टाकतात. माती असती तर लाल झाली नसती. ह्याला पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी दिसते. अशा कुत्र्याला चार-दोन पिसवाही पुरतात."

"पण मला एकही दिसली नाही."

"अंगावर थोड्याच असतात. बाकीच्या, त्यांची अंडी, अळ्या, तो झोपतो तिथे. कुठे झोपतो?"

मी गादीचं सांगितलं. सांगायला सुरुवात केली तेव्हा आवाजात जरा ऐट होती, कारण ती सवयच होती.

"कधी धुतली?"

"धुवायची कशाला? मी सारखी नवीन टाकते."

"आणि जुनी?"

"ती खालीच असते."

"किती दिवसांची?"

मी हिशेब केला आणि टॉवेलवरचा डाग बोटाने चोळत राहिले. डॉक्टरने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"दिवसभर तिथेच असतो?"

"दुपारी समोर जातो. जात होता. शहाबादी फरशीवर पडायचा."

"तिथे खाजवायचा?"

"नाही."

"मग त्याला कळलं होतं," ती म्हणाली.

मी तरीही तंबाखूचं विचारलं. बुडत्याने काडी धरावी तसं. तंबाखू तोंडाला लागू देऊ नका, तो कुत्र्याला विषच आहे, असं ती म्हणाली. पण ही खाज तंबाखूची नाही. मग तिने माझ्या सगळ्या उपायांची यादी ऐकली आणि एकेक बाद केला. कपड्याच्या साबणाने कातडी कोरडी पडते, खाज वाढते. फिनाईलच्या ओल्या फरशीवर पोट टेकलं की पोट भाजतं. तेलाने पिसू मरत नाही, चाटून पोट तेवढं बिघडतं. मानेवर सोडायचं औषध तिने स्वतः सोडलं, जिभेला पोचणार नाही अशा जागी, जखमेला मलम दिलं, खाजेच्या गोळ्या दिल्या. "आणि त्या चिंध्या आजच्या आज बाहेर. कपडे उकळत्या पाण्यातून काढा. कोपरे, फटी झाडून औषध मारा. महिनाभर अधूनमधून नवीन पिसवा निघतील, अंडी फुटतात तशा. घाबरू नका, औषध बंद करू नका. आणि घर साफ होईपर्यंत दोन-तीन दिवस ह्याला दुसरीकडे ठेवा."

येताना रिक्षात मी पोटऱ्या खाजवल्या. महिनाभर मी त्या चाव्यांना डास म्हणत होते.

दुसरीकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, कुर्डुवाडीला न्या.

"वर्कशॉपमध्ये कुत्र्याची हजेरी घेत न्हाईत," तो म्हणाला. "समोर ठेव की. त्याला आवडतं तिथं."

"समोरचं दार बंद आहे."

"कोणामुळं?"

मी भांडी घासायला घेतली.

सकाळी गेले. अक्का खाली मान घालून वळत होती. खालचं पान बंदच होतं. कुत्रा माझ्या पायांशी, गळ्यात टॉवेलची वळकटी, आणि शेपूट हलवत होता. माझ्याकडे बघून नाही.

"अक्का, पिसवा निघाल्या," मी म्हणाले. "माझ्या घरात. तंबाखूचं काही नव्हतं."

"काय?"

"पिसवा निघाल्या म्हटलं. माझ्या घरात."

"जरा मोठ्यानं सांगा की वैनी. मागच्या वेळी सगळ्या गल्लीला ऐकू गेलं हुतं, आता मला एकटीलाबी येईना."

भाजीवालीची गाडी तीन घरं मागे उभी होती. मी आवाज चढवला आणि सांगितलं की पिसवा माझ्या घरात निघाल्या, मीच केलेल्या गादीत, आणि अक्काच्या तंबाखूचा संबंध नाही. भाजीवालीने हातातली मेथी खाली ठेवली होती.

अक्काने हात झटकले. पान उघडलं.

"ठेवते मी. पर चिंधी आणू नका संगं." मग कुत्र्याकडे बघून म्हणाली, "ह्या गळ्यातल्या उशीत न्हाईत ना पिसवा?"

"उकळून आणलीये."

"आन हे बघा," तिने मांडीवरचं सूप उचलून दाखवलं. "मी हे कवा खाली ठेवते का? हे तोंड घालतंय म्हणून न्हाई ठेवत. उठायचं झालं तर फळीवर. फरशी दोनदा पुसते. विडीवालीच्या घरात धूळ चालत न्हाई वैनी, मालात येते."

म्हणजे ती माझ्या कुत्र्याची काळजी माझ्याआधीपासून घेत होती. ते ऐकून मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला आणखी राग आला. मी "बरं" म्हणाले आणि गोळ्यांची वेळ सांगून परत आले.

तो ढीग मी उपसला तेव्हा तळातल्या चिंध्या करड्या झाल्या होत्या. केस, रेव, आणि हलणारं काहीतरी. पांढऱ्या परकरावर काळे ठिपके उडून बसले. सात पोती भरली, तोंडं बांधली, घंटागाडीत टाकली. घरातली प्रत्येक चादर उकळली. मशीन हलवून खालच्या फटी सुईने कोरून काढल्या. औषध मारलं. असं काम मला आवडतं. कारण सापडलं की निम्मं झालं.

पण कारण सापडलं म्हणून जळणं थांबलं नाही. तीन दिवस समोरून "रा, रा" ऐकू येत होतं, आणि चमच्याचा आवाज, आणि अक्काचं हसू. मी भिंतीकडे तोंड करून शिलाई मारली. मी मनाशी एकच घोकत होते: तो तिच्यासाठी जात नव्हता. फरशीसाठी जात होता. फरशी गार, फरशीवर पिसवा नाहीत, एवढंच. डॉक्टरनेच सांगितलं.

म्हणून मी एक शहाबादी फरशी आणली. मशीनखाली बसेल अशी कापून घेतली. चौथ्या दिवशी कुत्रा आला, फरशी हुंगली, एक गिरकी घेतली आणि तिच्यावर पसरला. खाजवलं नाही. मी खिडकीतून समोर बघितलं. अक्काने बघितलं की नाही माहीत नाही.

पूर्ण बरं व्हायला पावसाळा सरावा लागला. मध्ये दोनदा खाज परत आली, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे, आणि औषध चालूच ठेवलं. शेपटीच्या मुळाशी आधी मखमलीसारखी लव आली, मग केस. आता दर रविवारी मी त्याला बारीक फणी करते. शिलाई चुकलेला एक पांढरा नॅपकिन ओला करते आणि फणी त्यावर झटकते. गेले कित्येक महिने डाग नाही.

तरी तो जातो.

फरशी आता दोन्हीकडे सारखी आहे. पिसवा कुठेच नाहीत. माझ्याकडे पंखाही आहे. दुपारी जेवतो, तोंड साफ करतो आणि समोर जातो, चार वाजता परत येतो. फरशीचं कारण मी स्वतःच पैसे मोजून मिटवलं, आणि आता दुसरं कुठलं कारण उरलं आहे ते मला दिसतं. अक्का त्याला काही खायला घालत नाही, मी नीट लक्ष ठेवलं आहे. ती वळत असते, बोलत असते, आणि तो तिच्या पायाला पाठ लावून पडलेला असतो.

मला अजून ते आवडत नाही. मी दार लावत नाही, एवढंच.

परवा दुपारी तो निघाला तेव्हा मी मशीन थांबवलं. खिडकी लावली. हळू आवाजात म्हणाले, "कूर्चो."

तो दारातच बसला. वळून माझ्याकडे बघत राहिला, मी पुढे काय सांगते म्हणून. पुढचा शब्द मला येत नव्हता. जरा वेळाने मी खिडकी उघडली आणि त्याला जाऊ दिलं.